तेच, तसेच आणि ‘सेम’

आईचे पितळेचे पातेले मी कल्हईला दिले होते. पूर्वी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. भात्याने निखारे फुलवून तो भांडे तापवायचा, आत नवसागराची पूड टाकायचा, कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने ते असे काही झरझर पसरवायचा की काळवंडलेल्या भांड्यात बघता बघता चांदणे उतरल्यासारखे व्हायचे. आता तो येत नाही. म्हणून मी पातेले भांड्यांच्या एका दुकानात नेऊन दिले. तो दुकानदार आलेली भांडी गोळा करून बाहेर कारागिराकडे पाठवतो आणि आठवड्याने परत देतो. आठवड्याने मिळालेले पातेले मी घरी आणले, आईने ते मांडीवर घेतले आणि काठाच्या खालून बोट फिरवत नेले. एक फेरा झाला, दुसरा झाला. मग ती म्हणाली, “हे आपलं नाही.”

आमच्या पातेल्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे होती. आईचे सासरचे नाव, त्यापुढे ‘आत्याकडून सप्रेम भेट’ आणि शेवटी तारीख, १२-५-६८. इतक्या वर्षांच्या घासण्याने ती अक्षरे डोळ्यांना नीट दिसेनाशी झाली होती; पण बोटाला ती लागायची, आणि आईचे आता बरेचसे पाहणे बोटांनीच होते.

मी दुकानात परत गेले. पातेले देताना पावतीवर वजन लिहिले होते, एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. दुकानदाराने हे पातेले काट्यावर ठेवले तर ते तीनशे पन्नास भरले. “ताई, अहो सेम आहे,” तो म्हणाला, “उलट दहा ग्रॅम जास्तच आहे.” तो मला फसवत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. कारागिराकडे चार दुकानांची भांडी एकत्र झाली होती आणि आमचे पातेले कोणाच्या तरी घरी गेले होते. माझ्यासमोर त्याने तीन ठिकाणी फोन केले. ते सापडत नाही असे दिसल्यावर त्याने त्याच आकाराचे, तितक्याच जाडीचे, बहुधा अधिक चांगल्या अवस्थेतले पातेले देऊ केले होते, आणि त्याच्या हिशेबाने माझे काहीही नुकसान झालेले नव्हते. तो ‘सेम’ म्हणाला तेव्हा त्याच्या मनात त्या शब्दाचा एक खरा अर्थ होता. आईच्या बोटांना हवा होता तो दुसरा.

मी पोटापाण्यासाठी भाषांतर करते. इंग्रजी करारनामे, माहितीपत्रके, अर्जांचे नमुने मराठीत आणणे हे माझे रोजचे काम आहे. लोकांना वाटते की भाषांतरकाराला अवघड शब्द अडवतात. अवघड शब्दांसाठी कोश असतात. मला अडवतात ते साधे शब्द, आणि त्यांत ‘सेम’ फार वरच्या जागी आहे, कारण तो आला की मला दर वेळी थांबून विचारावे लागते की येथे वस्तू एक आहे की दोन.

दोघी बहिणी ‘सेम’ शाळेत जातात, म्हणजे एकाच शाळेत जातात. दोघी बहिणी एका समारंभात ‘सेम’ साडी नेसून आल्या, म्हणजे सारख्या साड्या नेसून आल्या. एक साडी दोघींना एका वेळी नेसता येत नाही. आणि दोघी बहिणींनी आपापल्या लग्नात ‘सेम’ पैठणी नेसली असे वाक्य आले तर मी हात टेकते. आईची पैठणी आधी थोरलीने आणि चार वर्षांनी धाकटीने नेसली, की दोघींना एकाच नमुन्याच्या दोन पैठण्या घेतल्या? पहिल्या बाबतीत मी ‘तीच’ लिहीन, दुसऱ्या बाबतीत ‘तशीच’. इंग्रजी वाक्य मात्र दोन्हींकडे सारख्याच निर्विकारपणे पाहत राहते. इंग्रजी माणसाचे त्यावाचून अडत नाही, कारण मागचेपुढचे संदर्भ त्याच्या मदतीला येतात; पण करारनाम्यात संदर्भ नसतो, असते ते फक्त वाक्य. भाडेकरूने घर सोडताना ‘सेम’ सामान परत करावे असे लिहिलेले असेल, तर त्याने मूळचे शिसवी कपाट परत करायचे की त्याच मापाचे एखादे कपाट ठेवून गेले तरी चालेल? मराठीत हा निकाल एका अक्षराने लागतो. ‘तेच’ आणि ‘तसेच’ यांत एक ‘स’ काय तो जास्त, आणि त्या एका अक्षरात एका वस्तूच्या दोन वस्तू होतात.

मराठी बोलताना आपणही ढिले असतो, हे कबूल केले पाहिजे. शेजारीण नवी साडी दाखवते आणि आपण सहज म्हणून जातो, “अय्या, माझ्याकडे हीच आहे.” तिची साडी आपल्या कपाटात नाही हे दोघींना ठाऊक असते, म्हणून कोणी कोणाला दुरुस्त करत नाही. पण वेळ आली की भाषेत हत्यार असते. ‘हीच’ म्हणालो ते चुकले, ‘अशीच’ म्हणायचे होते, हे चौथीतले मूलही सांगू शकते.

अर्थात ‘तेच’ म्हणजे तरी काय, हा प्रश्न त्या पातेल्यानेच माझ्यापुढे ठेवला. त्याची कल्हई कितीदा गेली आणि कितीदा आली, याची गणती नाही. दूध ज्या पृष्ठभागाला लागत होते तो पृष्ठभाग दर दीड-दोन वर्षांनी नवा होत होता. अथेन्सच्या लोकांनी थिसिअस या आपल्या पुराणातल्या वीराचे जहाज जपून ठेवले होते आणि एकेक कुजलेली फळी काढून ते नवी बसवत गेले, अशी कथा प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने सांगितली आहे. अखेर ते जहाज तेच राहिले की नाही, यावर तिथल्या तत्त्वज्ञांचे दोन तट पडले होते. मला ती कथा वाचताना आमचा गणपती आठवतो. दर वर्षी पेणच्या मूर्तींतून आम्ही शाडूची एक मूर्ती निवडतो, शक्य तितकी गेल्या वर्षीसारखी, त्याच बैठकीची, तेवढ्याच उंचीची. माती नवी, रंग नवे, घडवणारे हातही कदाचित नवे. गेल्या वर्षीची मूर्ती पाण्यात विरघळून गेलेली असते, तिची म्हणून परत आणलेली असते ती पाटावरची चिमूटभर वाळू. तरीही निरोप देताना आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असे ज्याला म्हणालेलो असतो तोच आलेला असतो, याबद्दल घरात कोणालाही शंका नसते. मूर्ती तशीच आणि बाप्पा तोच. हे दोन शब्द जवळजवळ ठेवले की एरवी पानेच्या पाने लिहावी लागली असती ते पाच शब्दांत सांगून होते. पातेल्याचेही तसेच होते. कल्हई नवी असली तरी ज्या बोटांनी ते ओळखायचे त्यांना अक्षरे जागच्या जागी सापडत होती.

दुकानदाराचा काटा मात्र वेगळ्या गोष्टीची साक्ष देत होता. तागडीच्या दोन पारड्यांत दोन वस्तू असाव्या लागतात. एकच वस्तू स्वतःशी तोलता येत नाही. इंग्रजीत यासाठी ‘इक्वल’ आहे. गणितात आपण जे बरोबरीचे चिन्ह काढतो, त्या दोन आडव्या रेघा, ते १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने पहिल्यांदा छापले. ‘च्या बरोबर आहे’ असे पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी आपण एकाच लांबीच्या दोन समांतर रेघा वापरतो, कारण दोन वस्तू यांहून अधिक समान असू शकत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या रेघांना त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ ‘जुळ्या’ असा होतो. जुळी माणसे कितीही सारखी दिसली तरी दोन असतात. आणि आपण हे चिन्ह वाचतो कसे? दोन अधिक दोन बरोबर चार. हा ‘बरोबर’ फारसीतून आला. ‘बर’ म्हणजे छाती, आणि छातीला छाती लावून उभे राहिलेले ते ‘बराबर’. मराठीने त्या एका शब्दात किती घरे वसवली पहा. मुलगी आईबरोबर गेली, म्हणजे सोबत गेली. उत्तर बरोबर आले, म्हणजे अचूक आले. थोरल्याच्या बरोबरीने धाकट्यालाही वाटा मिळाला, म्हणजे समान मिळाला. सोबत, अचूकपणा आणि समानता या तीन गोष्टींना एकाच शब्दाने हाक मारणाऱ्या भाषेत मी वाढले, याचे मला कामाच्या मध्येच कधीकधी भरून येते.

‘सारखा’ हाही असाच. संस्कृतातल्या ‘सदृक्ष’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने तो आपल्याकडे आला. मूळ अर्थ ‘सारखा दिसणारा’. पण पाऊस सारखा पडतो तेव्हा तो कोणासारखा दिसत नसतो, तो न थांबता पडत असतो. एक क्षण पुढच्या क्षणासारखा, तो त्याच्या पुढच्यासारखा, असे होता होता सारखेपणाचे सातत्य झाले. आणि ‘पदर सारखा कर’ असे आजी म्हणायची तेव्हा तिसराच अर्थ निघायचा. वेडेवाकडे झालेले जसे असायला हवे तसे करणे. चादर सारखी करायची, केस सारखे करायचे, भांडण झालेल्या दोन घरांत मध्यस्थी करून प्रकरण सारखे करायचे. इंग्रजी ‘सेम’च्या अंगात ही धमक नाही. त्याने कोणाचा पदर नीट होत नाही.

तरीही त्या शब्दाचा मी राग करू शकत नाही, कारण तो आपल्याच नात्यातला आहे. इंग्रजीत फार पूर्वी ‘तोच’ या अर्थाने ‘इल्का’ असा वेगळा शब्द होता. नवव्या शतकात समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांनी इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला वस्ती केली आणि त्यांच्या नॉर्स बोलीतले कितीतरी शब्द इंग्रजीत मुरले. ‘दे’ आणि ‘देम’, ‘स्काय’, ‘एग’, ‘टेक’ हे त्यांतले. ‘सेम’ हे विशेषणही तिकडूनच आले आणि त्याने ‘इल्का’ला हळूहळू घराबाहेर काढले. ‘इल्का’चा वंशज ‘इल्क’ स्कॉटलंडमध्ये तग धरून राहिला. ज्या जमीनदाराचे आडनाव आणि गावाचे नाव एकच असेल त्याला अमुक ‘ऑफ दॅट इल्क’ म्हणत, म्हणजे त्याच नावाच्या गावचा. पुढे ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘त्या जातकुळीतला’ असा लावला आणि आज इंग्रजीत तो शब्द त्याच अर्थाने चालतो. ‘तोच’ म्हणता म्हणता त्या शब्दाचा ‘तसल्यांपैकी’ झाला. आमच्या पातेल्याची गोष्ट इंग्रजी भाषेच्या पोटात आधीच घडून गेली आहे, हे पाहून मी त्या दिवशी कोश मिटून ठेवला.

नॉर्स लोकांचा ‘सेम’ आणि आपला ‘सम’ ही एकाच मुळाची फळे आहेत. त्या मुळाचा अर्थ ‘एक’ किंवा ‘एकत्र’ असा मानला जातो. लॅटिनकडे त्यातून ‘सिमिलर’ आणि ‘सिम्पल’चे पूर्वज आले, ग्रीककडे तो ‘होमोस’ झाला, आणि त्याच घरातून आपल्या ओळखीच्या होमिओपॅथीला तिच्या नावाचा पहिला भाग मिळाला. संस्कृतात सम आणि समान. आपण ‘सम संख्या’ म्हणतो, ‘समोरासमोर’ म्हणतो. पण त्या मुळाचा अर्थ मला सर्वांत जिवंत दिसतो तो तालातल्या समेत. गायक आपल्या वाटेने लांबवर जातो, तबला आपल्या वाटेने मात्रा मोजत असतो, आणि सोळा मात्रांचे आवर्तन संपून पहिल्या मात्रेवर दोघे एकदम येतात. सगळ्या बैठकीची मान हलते. ती सम. दर आवर्तनात ती परत येते, दर वेळी ती नवी असते आणि दर वेळी तीच असते. ‘सेम’ शब्दाचे मूळ एकत्र येण्यात आहे, हे मला कोशापेक्षा आधी कुठल्यातरी गणेशोत्सवातल्या मैफलीत, जमिनीवर मांडी घालून बसलेले असताना कळले असावे.

कचेरीतला ‘सेम’ याहून निराळा. ‘अमुक कागद पाठवला आहे, कृपया द सेम मिळाल्याचे कळवावे’ अशा घाटाची इंग्रजी पत्रे आपल्या देशात रोज हजारोंनी लिहिली जात असतील. येथे ‘द सेम’चा सारखेपणाशी काही संबंध नाही, ‘तो’ किंवा ‘ते’ म्हणण्याची ती एक भारदस्त रीत आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात ती जागोजाग आढळते, जुन्या कायद्याच्या आणि व्यापाराच्या कागदांतही आढळते, आणि आज इंग्लंडात ती मागे पडली तरी आपल्या कचेऱ्यांनी सांभाळली आहे. अनेक जण या लकबीला हसतात. मला ती आपलीशी वाटते, कारण आपल्या दफ्तरांची सवयच तशी होती. जुने मराठी कागद उघडा, ‘मौजे मजकूर’, ‘साल मजकूर’, ‘सदरहू’. मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे ते. इंग्रजी हिशेबात एकाखाली एक तीच नोंद आली की ‘डिट्टो’ लिहितात, आणि तो ज्या इटालियन शब्दावरून आला त्याचाही अर्थ ‘सांगितलेले’ असाच आहे. एक शब्द अरबीतून आपल्याकडे आला, एक इटलीतून इंग्लंडात गेला, आणि दोन्हीकडच्या कारकुनांना एकच सुचले: आधी सांगितले ते पुन्हा कशाला सांगा.

एका ठिकाणी मात्र मला या शब्दाची खरी जबाबदारी जाणवली. १९७६ च्या समान वेतन कायद्यात स्त्री-पुरुषांना समान मोबदला द्यायचा तो ‘सेम’ कामासाठी, एवढेच लिहून कायदा थांबला नव्हता. ‘सेम’ किंवा सारख्या स्वरूपाचे काम, असे तो म्हणत होता, आणि त्याची व्याख्या करताना कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांचा विचार करायला सांगत होता. हे जोडशब्द कशासाठी लागतात ते आपल्या शेतांच्या बांधावर उभे राहिले की समजते. पुरुष नांगर धरतो, बाई खुरपते. पुरुष पोते उचलतो, बाई दिवसभर वाकून कापूस वेचते. काम ‘तेच’ नाही असे म्हणत बाईच्या हातावर कमी मजुरी ठेवणे किती सोपे आहे. कायद्याने ‘तेच’च्या शेजारी ‘तशा स्वरूपाचे’ ठेवले नसते, तर समान वेतन हा शब्द कागदावरच वाळला असता. आणि कायदा असूनही तो कितीतरी बांधांवर वाळलेलाच आहे. तेथे ‘तसेच’ हा शब्द ‘तेच’पेक्षा मोठा आहे. पातेल्याच्या बाबतीत मी ज्या शब्दाच्या बाजूने उभी होते, मजुरीच्या बाबतीत मी त्याच्या विरुद्ध उभी आहे, आणि मला त्यात विसंगती वाटत नाही.

बाबांच्या गोळ्यांची गोष्ट तर उलटीच. त्यांना रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू होते. एकदा नेहमीच्या कंपनीची गोळी मिळाली नाही, म्हणून औषधाच्या दुकानातल्या मुलाने दुसऱ्या कंपनीची दिली आणि “सेम आहे काका” असे सांगितले. पाकिटाचा रंग निराळा, वर छापलेले नाव निराळे, गोळीचा आकार निराळा. बाबांच्या डब्यात जुन्या पाकिटातल्या काही गोळ्या शिल्लक होत्या. त्यांनी हे नवे औषध आहे असे समजून दोन्ही घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना त्यांना चक्कर आली आणि ते पलंगाच्या कडेला धरून बसून राहिले. त्या मुलाने खोटे काही सांगितले नव्हते. पण ‘सेम’ऐवजी तो “काका, हे तेच औषध आहे, फक्त नाव वेगळं, दोन्हींतली एकच घ्या” एवढे मराठी बोलला असता तर? पहाटेची शुक्राची चांदणी आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी चांदणी, यांना ग्रीकांनी एके काळी दोन नावे दिली होती. दोन्ही नावांमागे एकच ग्रह आहे हे कळणे ही ज्ञानात पडलेली भर होती. गॉटलोब फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञाने १८९२ साली या उदाहरणावरून मोठा विचार मांडला, की वस्तू एक असली तरी तिच्याकडे नेणाऱ्या वाटा दोन असू शकतात. बाबांच्या डब्यात त्या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या आणि दोन्ही एकाच ठिकाणी जातात हे सांगणारा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

परक्या शब्दांशी माझे वैर नाही. शाळेत असताना दोघींच्या फ्रॉकचा रंग एक निघाला की आम्ही चिमटा काढून ‘सेम पिंच’ ओरडायचो, आणि तो आनंद दुसऱ्या कुठल्या शब्दात मावला नसता. कोणी ‘सेम टू सेम आजीसारखी दिसते’ म्हणाले तर मला त्या दुहेरी ‘सेम’मध्ये मराठीच ऐकू येते, ‘हुबेहूब’च्या ठेक्यावर बांधलेला तो शब्द आहे. दिवाळीच्या शुभेच्छांना ‘सेम टू यू’ असे उत्तर आले की मात्र मी थोडी खट्टू होते. ‘तुम्हालाही’ यातल्या त्या ‘ही’मध्ये समोरच्या माणसाकडे केलेला हात असतो. माझी काळजी एवढीच आहे की ‘सेम’ म्हणायची सवय जडली की ‘तेच’ की ‘तसेच’ हे स्वतःला विचारायची सवय मोडते. भाचीला मी परवा विचारले, “तुझी वही हरवली होती ती मिळाली का?” ती म्हणाली, “हो, सेम मिळाली.” मला अजून कळलेले नाही की तिला तिची वही सापडली, की बाबांनी नवी आणून दिली.

ते पातेले आता दोन वर्षे आमच्याकडे आहे. आईने पहिले काही दिवस ते माळ्यावर ठेवायला लावले, मग एका कोजागरीला स्वतःच खाली काढायला सांगितले, कारण मसाला दूध पितळेच्या पातेल्यातच आटवायचे असते असा तिचा आग्रह आहे. आता ते वापरात रुळले आहे, बुडाशी थोडे काळे पडले आहे, एका बाजूला बारीक पोचाही आला आहे. आमचे पातेले ज्या घरी गेले त्या घरातल्या कोणाला काठाखालची अक्षरे लागत असतील का, असे ती अधूनमधून विचारते. घरात पितळेचे पातेले हे एवढेच उरले आहे. तरी आई स्वयंपाकघरातून हाक मारते ती अशी: “अगं, ते दुसरं पातेलं दे.” नव्याने आलेली कामवाली मावशी फळीवर पहिले शोधत राहते.